साताऱ्याचे आडाखे दुबईत चालत नाहीत: आमच्या पहिल्या फ्लॅटचा अनुभव

दुबईत तेरा वर्षं भाड्याने राहिल्यावर जुलै २०२४ मध्ये आम्ही स्वतःचा वन बीएचके घेतला. या गोष्टीला आता वर्ष होऊन गेलंय, पण अजूनही ओळखीतलं कुणी ना कुणी फोन करून तेच प्रश्न विचारतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं तारखांसकट लिहून काढावं. मी इथे एका कंपनीत अकाउंट्स बघते, नवरा मेंटेनन्समध्ये आहे, मुलगी तेव्हा आठवीत होती. कागद वाचायची मला सवय आहे. तरीही जिथे जिथे आम्ही अडकलो तिथे मागे वळून बघितलं की कारण एकच सापडतं. साताऱ्यात सासऱ्यांनी घर घेतलं तेव्हा जे बघितलं होतं, तसंच इथेही असणार असं मी मनात धरून चालले होते. इथे आपण परदेशी आहोत आणि कायदा, कागद, पद्धत सगळं वेगळं आहे हे डोक्याला कळत होतं, पण सवय काही सुटत नव्हती.

जानेवारीत घरमालकाचं पत्र आलं, मनखूलमधल्या घराचं भाडं ६२ हजार दिरहमवरून ६८ हजार करणार म्हणून. रीतसर ९० दिवस आधीच आलं होतं त्यामुळे त्यात भांडण्यासारखं काही नव्हतं. त्या रात्री आम्ही दोघांनी वहीत तेरा वर्षांच्या भाड्याची बेरीज केली आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही. दुसऱ्या दिवशी घर बघायचं ठरलं.

पहिला धक्का इथेच. आम्हाला घर हवं होतं करामा किंवा मनखूलमध्येच, कारण ओळखीचा भाजीवाला, मुलीची बस, मैत्रिणी सगळं तिथे. पण परदेशी माणसाला दुबईत कुठेही घर विकत घेता येत नाही. २००६ चा ७ नंबरचा कायदा आहे, त्यात ठरवून दिलेल्या भागांतच परदेशी लोकांना पूर्ण मालकीचं म्हणजे फ्रीहोल्ड घर घेता येतं. जेव्हीसी (जुमेरा व्हिलेज सर्कल), स्पोर्ट्स सिटी, डिस्कव्हरी गार्डन्स, सिलिकॉन ओॲसिस, मरीना हे त्यातले. आमचा करामा त्यात नाही. काही ठिकाणी ९९ वर्षांचं लीजहोल्ड मिळतं, ते वेगळं प्रकरण, आणि जाहिरातीत दोन्ही सारखंच दिसतं. त्यामुळे घर बघायला जाण्याआधी तो भाग फ्रीहोल्ड आहे का, हे आधी विचारून घ्या, नाहीतर आमच्यासारखे दोन शनिवार फुकट जातील.

३ फेब्रुवारीला एका एजंटने आम्हाला ऑफ-प्लॅन, म्हणजे बांधकाम पूर्ण व्हायच्या आधीच विकायला काढलेल्या प्रोजेक्टच्या सेल्स ऑफिसात नेलं. काचेच्या पेटीत बिल्डिंगचं मॉडेल, आत छोटे छोटे दिवे, मुलीला ज्यूस, आम्हाला कॉफी आणि खजूर. महिन्याला एक टक्का भरा, २०२७ ला ताबा. खरं सांगते, मन एकदम त्यात गेलं. आमच्या पगारात बसणारं होतं. मग एजंट म्हणाला मॅडम, आज ४० हजाराचं टोकन ट्रान्सफर करा, सोमवारी रेट वाढतोय. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अकाउंट नंबर पाठवला. मी फक्त नाव वाचलं, आणि ते प्रोजेक्टचं नाव नव्हतं, बिल्डरचंही नव्हतं, कुठल्यातरी तिसऱ्याच कंपनीचं होतं.

दुबईत २००७ पासून एस्क्रोचा कायदा आहे, ८ नंबरचा. ऑफ-प्लॅन घराचे पैसे त्या प्रोजेक्टच्या नावाच्या एस्क्रो खात्यातच जायला पाहिजेत आणि बिल्डरला ते बांधकाम होईल तसे मिळतात. २००८-०९ च्या मंदीत इथे कितीतरी प्रोजेक्ट अर्धवट राहिले, आमच्या बिल्डिंगमधल्या एका वयस्कर जोडप्याचे पैसे तेव्हा अडकले होते, त्या काकूंच्या तोंडून मी एस्क्रो हा शब्द पहिल्यांदा ऐकलेला. लँड डिपार्टमेंट म्हणजे इथलं मालमत्ता नोंदणी खातं, त्यांचं दुबई रेस्ट नावाचं अ‍ॅप आहे, त्यात प्रोजेक्टचं नाव टाकलं की रजिस्टर आहे का, एस्क्रो खातं कुठल्या बँकेत आहे, काम किती टक्के झालंय सगळं दिसतं. मी तिथेच सोफ्यावर बसून नाव टाकलं. प्रोजेक्ट रजिस्टर होता, पण एस्क्रोचा नंबर वेगळा आणि एजंटने पाठवलेला वेगळा. विचारलं तर म्हणे हे फक्त बुकिंगसाठी आहे मॅडम, नंतर आम्ही पुढे पाठवतो. आम्ही कॉफी संपवली आणि निघालो. गाडीत नवरा म्हणाला, आपण सोमवारपर्यंत थांबून बघू, रेट वाढतो का. त्याला ते घर सोडवत नव्हतं. मलाही नव्हतं.

ऑफ-प्लॅनबद्दल अजून एक, कारण हे कुणीच सांगत नाही. मधेच हप्ते थांबले तर बिल्डर करार रद्द करू शकतो, आणि बांधकाम ६० टक्क्यांच्या पुढे गेलं असेल तर घराच्या किमतीच्या ४० टक्क्यांपर्यंत रक्कम ठेवून घेऊ शकतो, ६० च्या खाली असेल तर २५ टक्क्यांपर्यंत. नीट वाचा, तुम्ही भरलेल्या पैशाच्या नाही, घराच्या किमतीच्या. महिन्याला एक टक्का भरणाऱ्याने वीस महिन्यांनी नोकरी गेल्यावर हे पहिल्यांदा वाचलं तर त्याच्या हातात काय राहील याचा हिशोब तुम्हीच करा.

त्याच महिन्यात नवऱ्याच्या आतेभावाचा पुण्याहून फोन आला. तिकडे मोठ्या हॉटेलात दुबईच्या घरांचं प्रदर्शन लागलेलं, तो चेकबुक घेऊनच गेला होता. म्हणाला, वहिनी, तुम्ही तिथे आहात तर बघून सांगा. मी त्याला दोन गोष्टी सांगितल्या. एक, भारतात राहणाऱ्या माणसाला वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात, एलआरएस या रिझर्व्ह बँकेच्या योजनेखाली, आणि तेव्हा ७ लाखांच्या वरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस म्हणजे आगाऊ कर कापत होती (एप्रिल २०२५ पासून ही मर्यादा १० लाख झालीये). ते रिटर्न भरताना ॲडजस्ट होतं, पण तोवर पैसे अडकतात. दुसरं, तू रुपयात कमावणार आणि हप्ता दिरहममध्ये. दहा वर्षांपूर्वी दिरहम साडेसोळा रुपयांच्या आसपास होता, २०२४ ला पावणेतेवीसच्या घरात. घराचा हप्ता तेवढाच राहतो, तुझा हप्ता वाढत जातो. तो थांबला. आमच्यासाठी हा धोका नव्हता कारण पगारच दिरहममध्ये, पण भारतातून घेणाऱ्यांसाठी मला हा सगळ्यात मोठा वाटतो.

मग आम्ही ठरवलं, तयार घर घ्यायचं. डोळ्यांनी बघता येतं, नळ सोडून बघता येतो.

आधी बँकेची प्री-अप्रूव्हल, म्हणजे कर्जाची प्राथमिक मंजुरी घ्या, हे मात्र आम्ही बरोबर केलं. मार्च महिना म्हणजे रमजान, ऑफिसं लवकर बंद, त्यामुळे जे आठवड्यात झालं असतं त्याला बारा दिवस लागले. सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स, पगारपत्र, सगळ्या क्रेडिट कार्डांची यादी. कार्ड वापरत नसलात तरी त्याची लिमिट तुमच्या कर्जाच्या हिशोबात धरतात, म्हणून आम्ही दोन जुनी कार्डं बंद केली. सगळे हप्ते मिळून पगाराच्या निम्म्याच्या वर जाता कामा नये हा सेंट्रल बँकेचा नियम. परदेशी माणसाला ५० लाख दिरहमच्या आतल्या पहिल्या घरासाठी जास्तीत जास्त ८० टक्के कर्ज. मुदत जास्तीत जास्त २५ वर्षं, पण नोकरदाराचं वय ६५ होईपर्यंतच, नवरा ४४ चा म्हणून आम्हाला २१ वर्षं मिळाली. २० मार्चला पत्र हातात आलं, ६० दिवसांसाठी.

जेव्हीसीमधला एक फ्लॅट आम्हाला फार आवडला होता. आत भाडेकरू राहत होते, फिलिपिन्सचं कुटुंब, दारात मुलांच्या सायकली. मालक म्हणाला मी त्यांना बारा महिन्यांपूर्वीच नोटीस दिलीये, मे अखेर घर रिकामं होईल. मी नोटीस बघायला मागितली तर त्याने व्हॉट्सअ‍ॅपचा स्क्रीनशॉट दाखवला. इथे भाडेकरूला घर विकण्यासाठी किंवा मालकाच्या स्वतःच्या वापरासाठी बाहेर काढायचं असेल तर बारा महिन्यांची लेखी नोटीस लागते, आणि ती नोटरी पब्लिकमार्फत किंवा रजिस्टर्ड पोस्टानेच. २००७ च्या २६ नंबरच्या कायद्यात २००८ ला केलेली ही दुरुस्ती आहे. व्हॉट्सअ‍ॅप त्यात बसत नाही. म्हणजे आम्ही ते घर घेतलं असतं तर नव्याने नोटीस, नव्याने बारा महिने, इकडे हप्ता आणि तिकडे आमचं स्वतःचं भाडं दोन्ही चालू. आणि खरं सांगायचं तर त्या बाईने दार उघडून आम्हाला पाणी विचारलं होतं, तिला घर कधी सोडायचंय हे तिला धड माहीतही नव्हतं. तिला असं उठवून तिथे राहायला जायचं माझ्या मनाला पटलं नसतं. सोडून दिलं.

आणि मग १६ एप्रिलचा पाऊस झाला. इथे राहणाऱ्या कुणालाही ती तारीख सांगावी लागत नाही. अल ऐन भागात एका दिवसात अडीचशे मिलिमीटरच्या वर पडला, १९४९ मध्ये नोंदी ठेवायला लागल्यापासून एवढा कधीच नव्हता. नवरा त्या दिवशी साइटवर अडकला, रात्री दीड वाजता गुडघाभर पाण्यातून चालत आला.

पण घर बघणाऱ्यासाठी तो पाऊस म्हणजे मोठी तपासणीच ठरली. एप्रिलच्या आधी बघून पसंत पडलेली तीन घरं आम्ही पुन्हा जाऊन बघितली. एका ठिकाणी बेसमेंट पार्किंगच्या भिंतीवर माझ्या कमरेच्या वर चिखलाची सरळ रेघ उमटलेली, जणू कुणी पट्टी लावून आखलीये, आणि लिफ्टवर कागद चिकटवलेला. दुसऱ्यात हॉलच्या कोपऱ्यात छतावर चहा सांडल्यासारखा पिवळा डाग आणि गालिच्याचा कुबट वास, आणि एजंट म्हणतोय एसीचं पाणी आहे. नवऱ्याने खुर्ची ओढली, वर चढला आणि बोट लावलं तर प्लास्टर मऊ लागलं. तिसरं घर स्पोर्ट्स सिटीत, चौथा मजला, पार्किंग जमिनीच्या वर, गॅलरीचा ड्रेन उघडून बघितला तर त्यात वाळू होती पण पाणी तुंबल्याची खूण नव्हती. वॉचमनला विचारलं त्या दिवशी काय झालं, तो म्हणाला लॉबीत पाणी आलं, पायपुसणी टाकली, दुपारपर्यंत सुकलं. तुमच्याकडे वेळ असेल तर घर एकदा एजंटबरोबर आणि एकदा एकट्याने जाऊन बघा, आणि वॉचमनशी बोला.

२७ एप्रिलला आम्ही ते घर नक्की केलं. ८२० स्क्वेअर फूट, साडेआठ लाख दिरहम. दुबई रेस्टवर टायटल डीड म्हणजे मालकीहक्काचा कागद तपासला, मालकाचं नाव जुळलं, बँकेचा बोजा नव्हता. एजंटचं ब्रोकर कार्ड बघितलं, जाहिरातीवरचा क्यूआर कोड स्कॅन केला. सर्व्हिस चार्ज विचारला, वर्षाला स्क्वेअर फुटाला साडेचौदा दिरहम, म्हणजे ११,८९०. आपल्याकडे सोसायटीचा मेंटेनन्स म्हणतो तेच, पण महिन्याला हजार दिरहम! हे हप्त्याच्या हिशोबात धरायला लोक विसरतात. शिवाय चिलरचं म्हणजे बिल्डिंगच्या सेंट्रल एसीचं बिल वेगळं, आणि त्यात घर बंद असलं तरी भरावा लागणारा एक ठरावीक आकार असतो. आधीच्या मालकाचं मागच्या वर्षीचं चिलरचं बिल मागून घ्या.

४ मेला फॉर्म एफ झाला. हा लँड डिपार्टमेंटचा ठराविक साठेखताचा फॉर्म, आणि त्याबरोबर १० टक्क्यांचा, म्हणजे ८५ हजारांचा सिक्युरिटी चेक. हा चेक वटवत नाहीत, ठेवून घेतात, पण आपण माघार घेतली तर ती रक्कम गेली. इथे माझ्याकडून एक गोष्ट राहिली आणि ती तुम्ही राहू देऊ नका. बँकेचं व्हॅल्युएशन कमी आलं किंवा फायनल कर्ज नाकारलं तर चेक परत मिळेल, हे वाक्य फॉर्मच्या जादाच्या अटींमध्ये लिहून घ्यायचं. मी प्री-अप्रूव्हल आहे म्हणजे कर्ज झालंच असं समजले होते.

१३ मेला व्हॅल्युएशन आलं, ८ लाख २५ हजार. म्हणजे बँक ८० टक्के देणार ते साडेआठ लाखांचे नाही, सव्वाआठचे, ६ लाख ६० हजार. वरचा फरक आमच्या खिशातून, १ लाख ७० हजारांच्या जागी १ लाख ९० हजार. वीस हजार दिरहम एका फोनमध्ये वाढले. विक्रेता किंमत कमी करेना. मी माझ्या दोन एफडी मोडल्या. त्या रात्री मुलीने विचारलं की आपण जुलैत साताऱ्याला जाणार ना, आणि मी हो म्हणाले नाही.

आणि त्याच्या आठवड्याने खरी अडचण आली. आम्ही घेत होतो त्या फ्लॅटचा मालक २०२२ मध्येच कॅनडाला स्थायिक झालेला, व्यवहार त्याचा भाऊ करत होता, मुखत्यारपत्रावर. इथे सगळे पीओए म्हणतात. भाऊ अतिशय सज्जन, घरी बोलावून जेवू घातलेलं. २० मेला बँकेने पीओए वाचून कळवलं की यात विकायचा अधिकार आहे, पण पैसे स्वीकारायचा अधिकार लिहिलेला नाही, त्यामुळे मॅनेजर्स चेक, म्हणजे बँकेनेच काढलेला हमीचा चेक, मालकाच्या नावानेच निघेल. आणि मालकाचं दुबईतलं खातं तर त्याने जाताना बंद केलेलं. भाऊ म्हणाला, निदान तुमच्या वाट्याचा चेक तरी माझ्या नावाने काढा, आपण आता घरचीच माणसं. मला क्षणभर वाटलं की खरंच, एवढं काय. साताऱ्यात असे व्यवहार डोळे मिटून झालेत, माझ्या डोळ्यांसमोर. पण चेक दुसऱ्याच्या नावाने गेला आणि उद्या मालक म्हणाला मला पैसे मिळालेच नाहीत, तर परदेशात कोर्टात मी कुठल्या कागदावर उभी राहणार?

आम्ही नाही म्हणालो. आणि एक केलं, जे मी प्रत्येकाला सांगते. मालकाशी स्वतः व्हिडिओ कॉलवर बोललो, रविवारी रात्री, त्यांच्याकडे दुपार. पासपोर्ट कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितला, घर विकायला त्यांची संमती आहे का, किंमत माहीत आहे का, भावाला दिलेला पीओए अजून रद्द केलेला नाही ना, सगळं विचारलं. एजंटला राग आला, म्हणाला आता त्यांना वाटेल तुम्ही संशय घेताय. मालकाला काही वाटलं नाही. ते म्हणाले, मी तुमच्या जागी असतो तर मीही विचारलं असतं.

नवा पीओए करायचं ठरलं, पैसे स्वीकारायच्या कलमासकट. आता हा कागद कसा फिरला ते बघा. टोरांटोत नोटरी, मग तिथल्या प्रांत सरकारचा शिक्का, मग ओटावाला यूएईच्या दूतावासात शिक्का, मग कुरियरने दुबई, इथे परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, मग परवानाधारक भाषांतरकाराकडून अरबी भाषांतर. मधे १५ ते १८ जून ईदची सुट्टी. २५ जूनला कागद तयार झाला. तोवर बँकेच्या २४ मेच्या फायनल ऑफर लेटरची मुदत संपली, ते पुन्हा काढून घेतलं, फॉर्म एफ ४ जुलैला संपणार होता त्याला जोडपत्र करून ३१ जुलैपर्यंत वाढवला. जोडपत्रावर दोघांच्या सह्या होईपर्यंत मला झोप नव्हती, कारण तारीख उलटली असती तर आमच्या ८५ हजारांचं काय हे कुणी ठामपणे सांगत नव्हतं. विक्रेता बाहेरदेशी असेल तर पीओए पहिल्याच दिवशी मागा आणि फॉर्म एफच्या आधी बँकेला आणि ट्रस्टी ऑफिसला (जिथे घर नावावर करतात) वाचायला द्या. आमचे पाच आठवडे वाचले असते.

त्यानंतर बिल्डरची एनओसी, सर्व्हिस चार्जची थकबाकी नाही याची. ही एनओसी विक्रेत्याने मिळवून द्यायची असते. ३ जुलैला मिळाली.

१० जुलैला बुधवारी सकाळी रजिस्ट्रेशन ट्रस्टीच्या ऑफिसात ट्रान्सफर. तिथे एकूण तास-दीड तासाचं काम. क्लार्क मुलीने सही घेण्याआधी स्क्रीन आमच्याकडे फिरवली आणि म्हणाली, नीट तपासा. मी वाचायला लागले आणि माझा पासपोर्ट नंबर जुना निघाला, २०२१ ला नूतनीकरण झालेलं पण कुठल्यातरी कागदावरून जुना नंबर उतरलेला. दोन मिनिटांत दुरुस्त झालं. नंतर कळलं असतं तर पुन्हा अर्ज, फी, हेलपाटे. घाई करू नका तिथे, मागे रांग असली तरी. मग बँकेच्या माणसाने चेक दिले, भावाने सही केली, आणि प्रिंटरमधून टायटल डीड आलं. वर अरबी, खाली इंग्रजी, ७६.१८ चौरस मीटर, दोघांची नावं, प्रत्येकी निम्मा हिस्सा. कागद अजून गरम होता. नवऱ्याने तो हातात घेतला आणि बराच वेळ तो घडी न करता तसाच धरून उभा राहिला.

वरचा खर्च एकूण किती झाला हे सगळ्यात जास्त विचारतात, म्हणून सांगते. लँड डिपार्टमेंटची ४ टक्के फी म्हणजे ३४,०००, टायटल डीडचे ५८०, ट्रस्टी ऑफिसचे व्हॅटसकट ४,२००, एजंटचे २ टक्के आणि त्यावर व्हॅट मिळून १७,८५०, कर्ज नोंदणीचे पाव टक्का आणि फी मिळून १,९४०, व्हॅल्युएशन २,६२५, बँकेची प्रोसेसिंग ६,९३०. बेरीज ६८,१२५ दिरहम. घराच्या किमतीच्या आठ टक्के झाले. डाउन पेमेंट धरून आम्ही २ लाख ५८ हजार रोख काढले, तेव्हाच्या भावाने साधारण ५९ लाख रुपये. आम्ही सुरुवातीला वहीत लिहिलेलं होतं २ लाख १०. आणि आता फेब्रुवारी २०२५ पासून बँका लँड डिपार्टमेंटची फी आणि एजंटचं कमिशन कर्जात घालूनच घेत नाहीत, तेव्हा हे पैसे हातात असल्याशिवाय घर बघायला सुरुवातच करू नका.

हप्ता साधारण ४,००० दिरहम बसला. पहिली तीन वर्षं व्याज ठरलेलं, नंतर ईआयबोरप्रमाणे, म्हणजे इथल्या बँकांच्या आपसातल्या व्याजदराप्रमाणे बदलणार. कर्ज लवकर फेडलं तर उरलेल्या रकमेच्या १ टक्का किंवा १० हजार दिरहम, जे कमी असेल ते, एवढाच दंड. हे विचारून घेतलं होतं, कारण इथे आपला व्हिसा नोकरीला बांधलेला आहे. नोकरी गेली तर व्हिसा जातो, हप्ता जात नाही. आम्ही घर घेतलं तेव्हा साडेसात लाख किंवा वरच्या घरावर दोन वर्षांचा व्हिसा मिळू शकत होता आणि २० लाखांपासून दहा वर्षांचा गोल्डन, पण घर घेतलं म्हणजे व्हिसा आपोआप मिळाला असं नाही, वेगळा अर्ज, वेगळी फी, आणि घरावर कर्ज असेल तर बँकेचं पत्र. आम्ही सहा महिन्यांचे हप्ते वेगळ्या खात्यात ठेवलेत, त्याला हात लावत नाही.

२७ जुलैला सामान हलवलं. डीईडब्ल्यूए (सगळे 'देवा' म्हणतात) या इथल्या वीज-पाणी कंपनीचं डिपॉझिट २,०००, ते ऑनलाइन भरलं की दुसऱ्या दिवशी लाइट आली.

एवढं झाल्यावर मला वाटलं संपलं. ऑगस्टमध्ये ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचे वडील गेले, आणि त्यांचा इथला फ्लॅट आईच्या नावावर करायला त्यांना किती धावावं लागलं ते मी रोज ऐकत होते. आपल्याला वाटतं दोघांच्या नावावर आहे म्हणजे एक गेलं तर दुसऱ्याचंच. इथे तसं नाही. माझा निम्मा हिस्सा माझ्या वारसांकडे जातो, आपोआप नवऱ्याकडे नाही. मुस्लिमेतरांसाठी फेब्रुवारी २०२३ पासून नवा कायदा लागू आहे, मृत्युपत्र नसेल तर निम्मं जोडीदाराला आणि निम्मं मुलांना. आमची मुलगी अल्पवयीन, तिच्या हिश्श्यासाठी कोर्टाच्या परवानग्या लागल्या असत्या. म्हणून आम्ही डीआयएफसी, म्हणजे दुबईच्या इंटरनॅशनल फायनान्शियल सेंटरच्या कोर्टात फक्त घराचं, दोघांचं एकमेकांच्या नावे मृत्युपत्र नोंदवलं, १० हजार दिरहम. फी ऐकून आधी नको वाटलं होतं. सह्या करताना नवऱ्याचा हात थांबला, आणि मी त्याच्याकडे बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर मलाही सही करता आली नसती.

परत जायचा विचार असलेल्यांसाठी एवढंच, एनआरआय असताना घेतलेलं घर भारतात परतल्यावरही ठेवता येतं, फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या ६(४) कलमात तशी परवानगी आहे. पण आयकराच्या दृष्टीने 'सामान्य रहिवासी' (आरओआर) झालात की रिटर्नमध्ये शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात दाखवायचं आणि भाडं येत असेल तर तेही. राहिलं तर काळ्या पैशाच्या कायद्याखाली १० लाखांचा दंड आहे. टायटल डीड, फॉर्म एफ, पैसे कुठून आले त्याची बँक स्टेटमेंट्स, सगळ्याची एक फाइल मी केलीये आणि तिची प्रत साताऱ्याला भावाकडे ठेवलीये.

७ सप्टेंबरला गणपती बसले, नव्या घरातले पहिले. मखर ठेवायला टेबल नव्हतं, पॅकिंगच्या दोन खोक्यांवर पाट टाकून त्यावर केलं. संध्याकाळी आरतीला पंधरा-सोळा जण आले, हॉल भरून गेला. प्रसाद देताना ऑफिसमधली एक मुलगी हळूच म्हणाली, ताई, आम्हीही एक ऑफ-प्लॅन बघितलाय, एजंट म्हणतोय उद्यापर्यंत टोकन दिलं नाही तर रेट वाढेल. मी हात पुसले, फोन घेतला, दुबई रेस्ट उघडलं आणि तिला प्रोजेक्टचं नाव विचारलं.